एकाला ५३ लाख, दुसऱ्याला १६ कोटी: एनबीएमधल्या जखमी खेळाडूची किंमत कशी ठरते

प्रश्न असा आहे: एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला ऑल-स्टार दर्जाचा खेळाडू करार संपायच्या वर्षातच गंभीर जखमी झाला, तर त्याच्या पुढच्या कराराचं काय होतं? आणि त्याला जोडून दुसरा: २०१८ मध्ये अकिलिस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी शीर, तुटल्यावर डीमार्कस कझिन्सला एका वर्षाचे जेमतेम ५३ लाख डॉलर मिळाले, आणि पुढच्याच वर्षी तीच शीर तुटलेल्या केव्हिन ड्युरांटला चार वर्षांचे १६ कोटी ४० लाख. हा काय न्याय झाला?

न्यायाचा इथे संबंध नाही. दुखापत किती मोठी, हा घटक यादीत तिसरा येतो. सर्वांत आधी बघायचं ते सही कधी झाली, दुखापतीच्या आधी की नंतर. दुसरं, त्या उन्हाळ्यात कोणाच्या हातात मोकळा पैसा होता आणि कोणाला या खेळाडूवाचून अडलं होतं. या दोन्हींची उत्तरं मिळाल्यावर मग एमआरआय.

सहीपासून सुरुवात करू. एनबीएचा करार हमीचा असला की खेळाडू खेळो न खेळो, पगार ठरल्या तारखेला जमा होतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये करारातला मोठा भाग हवेत असतो. इथे तसं नाही. डेरिक रोझने शिकागो बुल्सबरोबर डिसेंबर २०११ मध्ये पाच वर्षांच्या सुमारे साडेनऊ कोटींच्या मुदतवाढीवर सही केली. २८ एप्रिल २०१२ ला प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांधा घट्ट धरणारा अस्थिबंध, फाटला. ती मुदतवाढ सुरू व्हायची होती २०१२-१३ च्या हंगामापासून, आणि तो अख्खा हंगाम तो एकही सामना खेळला नाही. पैसे मात्र सगळे मिळाले. करार संपला तेव्हा बाजाराने हिशोब चुकता केला: २०१७ मध्ये क्लीव्हलंडने त्याला घेतलं ते किमान वेतनावर, सुमारे २१ लाखांत.

जॉन वॉलचं उदाहरण तर याहून टोकाचं. त्याने जुलै २०१७ मध्ये वॉशिंग्टनबरोबर चार वर्षांच्या सुमारे १७ कोटी १० लाखांच्या करारावर सही केली, पण तो लागू होणार होता २०१९-२० पासून. मधल्या काळात, जानेवारी २०१९ मध्ये, टाचेवर शस्त्रक्रिया झाली. जखमेत संसर्ग झाला. आणि फेब्रुवारीत घरात पाय घसरून डावा अकिलिस तुटला. नव्या कराराचा पहिला डॉलर मिळायच्या आधीच माणूस वर्षभरासाठी बाद. त्या कराराच्या पहिल्या तीन हंगामांत मिळून तो ४० सामने खेळला, तरी पैसा बुडाला नाही. शेवटच्या वर्षाचा सुमारे ४ कोटी ७४ लाखांचा पर्याय त्याच्या हातात होता. तो त्याने अर्थातच उचलला.

म्हणून एजंट लोक मुदतवाढीची खिडकी उघडली की 'आधी सही, मग बाकीचं' असा धोशा लावतात. थांबून आणखी दहा-वीस टक्के मिळण्याची आशा असते खरी, पण त्या वर्षभरात दर रात्रीचा सामना हा जुगार असतो.

कझिन्स तो जुगार हरला. त्याचं प्रकरण जरा जवळून बघण्यासारखं आहे.

सॅक्रामेंटोमध्येच राहिला असता तर त्याला सुपरमॅक्स म्हणतात तो करार मिळू शकला असता, सुमारे २० कोटी ९० लाखांचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सॅक्रामेंटोने त्याला न्यू ऑर्लिन्सला पाठवलं आणि ती पात्रता तिथेच संपली, कारण तो करार मूळ संघालाच देता येतो. तरीही २०१८ च्या उन्हाळ्यात न्यू ऑर्लिन्स त्याला सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेच्या) ३० टक्क्यांपासून सुरू होणारा पाच वर्षांचा करार देऊ शकत होतं. कॅप होती १० कोटी १९ लाख, म्हणजे पहिलं वर्ष सुमारे ३ कोटी ५ लाख, दर वर्षी ८ टक्के वाढ, एकूण १७ कोटी ७० लाखांच्या आसपास. हंगामात तो सामन्यामागे २५.२ गुण आणि १२.९ रिबाउंड काढत होता, वय २७. मग २६ जानेवारी २०१८, ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्याचे शेवटचे काही सेकंद, स्वतःचाच चुकलेला फ्री थ्रो परत मिळवायला झेप, आणि डावा अकिलिस.

पुढे जे घडलं त्यात टेंडनचा वाटा अर्धाच. पहिली गोष्ट, न्यू ऑर्लिन्स त्याच्यावाचून हरलं नाही. निकोला मिरोटिचला आणून, अँथनी डेव्हिसला मधोमध खेळवून त्यांनी प्लेऑफच्या पहिल्या फेरीत पोर्टलंडला ४-० असं धुतलं. व्यवस्थापनाला फुकटात प्रयोग करून मिळाला. दुसरी गोष्ट, २०१६ मध्ये टीव्ही कराराच्या पैशामुळे कॅप एकदम ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली होती. त्या वर्षी संघांनी हात सैल सोडून चार-चार वर्षांचे करार वाटले, आणि २०१८ उजाडेपर्यंत बहुतेकांच्या गाठीला मोकळी जागाच उरली नव्हती. तिसरी गोष्ट म्हणजे तो २७० पौंडांच्या आसपासचा सेंटर. हलक्या गार्डच्या टाचेवर येतो त्याहून किती तरी जास्त भार त्याच्या टाचेवर, आणि तेव्हाचा खेळ सेंटरला थ्री-पॉइंट रेषेपर्यंत बाहेर येऊन गार्डला अडवायला लावणारा. न्यू ऑर्लिन्सने त्याला दोन वर्षांचे ४ कोटी देऊ केले होते, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. ते जमलं नाही आणि संघाने ज्युलियस रँडलला मिड-लेव्हल एक्सेप्शनमधून (कॅप ओलांडलेल्या संघालाही मध्यम रकमेचा करार देण्याची मुभा) उचललं. कझिन्स गेला गोल्डन स्टेटकडे, पगारखर्च फार वाढल्याने लीगला टॅक्स भरणाऱ्या संघांना वापरता येणाऱ्या छोट्या मिड-लेव्हलवर, ५३ लाख ३७ हजार.

यात एक मेख आहे, जी बाहेरून बघणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. 'एक वर्ष स्वस्तात खेळ, सिद्ध कर, मग मोठा करार घे' हा सल्ला ऐकायला छान. पण मोठा करार देणार कोण? कॅपच्या वर असलेल्या संघाला एका वर्षाच्या पाहुण्याला पुढच्या वर्षी त्याच्या पगाराच्या १२० टक्क्यांपर्यंतच जाता येतं. ५३ लाखांचे १२० टक्के म्हणजे ६४ लाख. कझिन्स त्या वर्षी कितीही चमकला असता, तरी गोल्डन स्टेट त्याला याहून फारसं देऊ शकलं नसतं. त्यामुळे सिद्ध करण्याचं वर्ष घ्यायचंच असेल, तर ज्याच्याकडे पुढच्या उन्हाळ्यात मोकळी कॅप आहे असा संघ शोधावा, किंवा आधीच्याच संघात राहून आपले बर्ड हक्क टिकवावेत. बर्ड हक्क म्हणजे तीन हंगाम फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला खेळाडू) म्हणून संघ न बदललेल्या खेळाडूला कॅप ओलांडूनही पैसे देण्याची मुभा. मधे ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) झाला तरी ते खेळाडूबरोबर जातात. म्हणूनच न्यू ऑर्लिन्सकडे कझिन्सचे बर्ड हक्क होते. त्यांना परवडत नव्हतं असं नाही, त्यांना द्यायचे नव्हते.

पुढची कथा सगळ्यांना माहीत आहे. तो १८ जानेवारी २०१९ ला परतला, ३० सामने बरा खेळला. एप्रिलमध्ये प्लेऑफच्या दुसऱ्याच सामन्यात डाव्या मांडीचा स्नायू फाटला. उन्हाळ्यात लेकर्सने ३५ लाखांवर घेतलं आणि ऑगस्टमध्ये डाव्याच गुडघ्याचा एसीएल गेला. तिन्ही दुखापती डाव्या पायात. कुठल्याही संघाचा डॉक्टर हे एका ओळीत वाचतो. पोटरीत पूर्वीचा जोर आला नाही की जमिनीचा धक्का आणि रेटा दोन्ही वरच्या सांध्यांवर सरकतात, आणि परतल्यानंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात मांडी, गुडघा, दुसरी पोटरी यांच्या तक्रारी सुरू होतात. नेमक्या याच खेळाडूत हेच कारण होतं असं खात्रीने कुणी म्हणू नये, पण किंमत ठरवणारा धोका तसाच मोजतो.

आता दुसरी बाजू. ड्युरांटला मे २०१९ मध्ये पोटरीची दुखापत झाली, महिनाभर बाहेर होता, १० जूनला टोरंटोमध्ये फायनलचा पाचवा सामना खेळायला उतरला, १२ मिनिटांत ११ गुण काढले आणि उजवा अकिलिस तुटला. तरी तीनच आठवड्यांत ब्रुकलिनने मॅक्स करार (नियमाने देता येणाऱ्या कमाल पगाराचा) दिला. पहिलं वर्ष तो खेळणार नाही हे उघड होतं. म्हणजे तीन वर्षांच्या खेळासाठी चार वर्षांचे पैसे. कारणं बघा. त्या उन्हाळ्यात ब्रुकलिन, न्यूयॉर्क, क्लिपर्स असे अनेक संघ कॅप रिकामी करून बसले होते आणि घेण्याजोगे मॅक्स खेळाडू मोजकेच होते. शिवाय ड्युरांटचा खेळ उडीवर उभा नाही; जवळपास सात फूट उंची आणि कुणाच्याही हातावरून जाणारा शॉट टाचेबरोबर जात नाही. आणि तो आपला ३ कोटी १५ लाखांचा प्लेअर ऑप्शन (कराराचं शेवटचं वर्ष घ्यायचं की सोडायचं हे खेळाडूने ठरवायची सोय) सोडायला तयार होता, कारण एजंटला बाजाराची खात्री होती. खात्री नसेल तर असा ऑप्शन कधी सोडू नये. जखमी खेळाडूसाठी प्लेअर ऑप्शन म्हणजे आयता वर्षभराचा पगार.

तीन दिवसांनी क्ले थॉम्पसनचा डावा एसीएल गेला, आणि गोल्डन स्टेटने त्याला पाच वर्षांचे १९ कोटी दिले. इथे भावनेपेक्षा गणित मोठं. गोल्डन स्टेट कॅपच्या इतकं वर होतं की क्लेला सोडलं असतं तरी त्याच्या पगाराएवढी जागा त्यांना बाहेरच्या कुणासाठी मिळालीच नसती. बर्ड हक्कांचा पैसा त्याच खेळाडूवर खर्च करता येतो, नाहीतर जातो. स्वतःच्या संघाची अशी कोंडी झालेली असणं, हे जखमी खेळाडूच्या हातातलं सगळ्यात भारी पान. नोव्हेंबर २०२० मध्ये क्लेचा उजवा अकिलिसही तुटला. ९४१ दिवसांनी, ९ जानेवारी २०२२ ला तो मैदानावर आला. करार चालूच होता. २०२४ मध्ये तो संपल्यावर डॅलसने दिलेले तीन वर्षांचे ५ कोटी, हा त्याचा दुखापतीनंतरचा खरा बाजारभाव म्हणता येईल.

मोकळा पैसा काय करतो याचं सर्वांत बोलकं उदाहरण मात्र वेस्ली मॅथ्यूजचं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. मार्च २०१५ मध्ये, करार संपायला चार महिने असताना, पोर्टलंडकडून खेळताना त्याचा अकिलिस तुटला. डॅलसने त्याला चार वर्षांचे सुमारे ५ कोटी ७० लाख कबूल केले. मग डॅलसला तोंडी होकार दिलेला डीआंद्रे जॉर्डन ऐनवेळी फिरला आणि क्लिपर्सकडेच राहिला. त्याच्यासाठी राखलेला पैसा पडून होता. मॅथ्यूजचा आकडा ७ कोटींवर गेला. त्या आठवड्यात त्याच्या टाचेत काहीही बदललं नव्हतं.

कोबी ब्रायंटचा अपवाद बाजूला ठेवा. अकिलिसनंतर एकही सामना खेळायच्या आधी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, वयाच्या पस्तिशीत त्याला दोन वर्षांचे ४ कोटी ८५ लाख मिळाले. तो पैसा गेल्या पंधरा-सतरा वर्षांचा होता, पुढच्या दोन वर्षांचा नव्हता.

आता एमआरआयकडे. संघाचा डॉक्टर दुखापतीचं नाव वाचून थांबत नाही. अकिलिस असेल तर त्याला तीन-चार गोष्टी हव्या असतात. शीर कुठे तुटली: पोटरी आणि टाच यांच्या मधल्या भागात, की हाडाला चिकटते तिथे? शस्त्रक्रिया किती दिवसांत झाली? ताजी शीर टोकाला टोक जोडता येते. आठवडे उलटले की टोकं आक्रसतात आणि मग दुसरीकडची शीर आणून जोडावी लागते, तो मामला वेगळा. शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवडे पाऊल बोटं खाली अशा अवस्थेत बांधून ठेवतात, मग टाचेखाली पाचरी घातलेला बूट, आणि दर काही दिवसांनी एकेक पाचर काढत सहा ते आठ आठवड्यांत पाऊल सपाट. हलकं धावणं चौथ्या ते सहाव्या महिन्यात, संघाबरोबर पूर्ण सराव नवव्या महिन्याच्या सुमाराला, सामने नऊ ते बारा महिन्यांत.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा घाईत ताण दिल्यामुळे. शीर भरून येते, पण थोडी लांब होऊन. लांब शीर म्हणजे पोटरीने कितीही ओढलं तरी टाच पूर्ण उचलली जात नाही, आणि ती लांबी नंतर व्यायामाने परत येत नाही. हे पकडायची चाचणी अगदी साधी आहे: एका पायावर उभं राहून टाच वर उचलायची. किती वेळा उचलली यापेक्षा किती उंच उचलली हे महत्त्वाचं. दुखऱ्या पायाची उंची चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या जवळ नसेल तर डॉक्टर वहीत खूण करतो. पालथं झोपवून दोन्ही पावलं टेबलाबाहेर लोंबती ठेवली की लांबावलेल्या शिरेचं पाऊल जास्त खाली पडलेलं दिसतं. मग टेपने पोटरीचा घेर, आणि फोर्स प्लेटवर उडी: जमिनीवर उतरताना कोणता पाय किती भार घेतो. खेळाडू तोंडाने 'शंभर टक्के' म्हणतो तेव्हा फोर्स प्लेट गप्प बसत नाही.

एसीएलचं त्या मानाने बरं. नऊ ते बारा महिने, आणि आज बाजार त्याला फारसा घाबरत नाही. झॅक लव्हीनचा फेब्रुवारी २०१७ मध्ये फाटला. परतल्यावर तो अवघे २४ सामने खेळला. तरी २०१८ च्या उन्हाळ्यात सॅक्रामेंटोने चार वर्षांचे ७ कोटी ८० लाख देऊ केले आणि शिकागोने ते जुळवले. तो रेस्ट्रिक्टेड फ्री एजंट होता, म्हणजे दुसऱ्या संघाचा देकार जुळवून त्याला ठेवून घेण्याचा हक्क त्याच्या संघाला होता. दुसऱ्याच्या चिठ्ठीने त्याचा भाव ठरला आणि त्याच्या संघाने मुकाट्याने मानला. एसीएलमध्ये विचारायचा प्रश्न शिरेबद्दल नसतो, गादीबद्दल असतो: मेनिस्कस शिवला की कापून काढला? शिवला तर परतायला वेळ जास्त, पण गुडघा टिकतो. कापला तर लवकर मैदानावर, आणि पाच-सात वर्षांनी हाडाला हाड. पोर्टलंडचा ब्रँडन रॉय गुडघ्यातली कूर्चा संपल्यामुळे २०११ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झाला, दोनच वर्षांपूर्वी मॅक्स मुदतवाढ घेतलेली असताना.

खरी भीती असते ती नितंबाच्या सांध्याची आणि पावलाच्या नॅव्हिक्युलर हाडाची. आयझेया थॉमस २०१६-१७ मध्ये बॉस्टनसाठी सामन्यामागे २८.९ गुण काढत होता, पगार मात्र पासष्ट-सहासष्ट लाखांच्या घरात. २०१८ च्या उन्हाळ्यात मॅक्स मिळणार अशी सगळ्यांची खात्री. नितंबाच्या सांध्याची कड फाटलेली असताना तो प्लेऑफ खेळत राहिला. ऑगस्ट २०१७ मध्ये कायरी अर्व्हिंगच्या बदल्यात तो क्लीव्हलंडला गेला, तिथल्या तपासणीत डॉक्टर खूश झाले नाहीत, आणि बॉस्टनला सौदा पुरा करायला वर एक दुसऱ्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडण्याचा हक्क) द्यावा लागला. तो पिक म्हणजे त्याच्या सांध्याची जाहीर किंमत-कपात होती. जानेवारी २०१८ मध्ये परतला, मार्चमध्ये शस्त्रक्रिया, आणि जुलैमध्ये डेन्व्हरकडे किमान वेतनावर, सुमारे २० लाखांत. पाच फूट नऊ इंचाच्या गार्डचं भांडवल म्हणजे पहिलं पाऊल. ते गेलं की उंची सांभाळून घेत नाही. ड्युरांटशी ताडून बघा.

तपासणी हा औपचारिकता म्हणून उरकायचा प्रकार नव्हे, हेही लक्षात ठेवा. सही झाली तरी करार तपासणीवर अवलंबून असू शकतो, आणि ट्रेड तर असतोच. २००९ मध्ये ओक्लाहोमा सिटीने टायसन चँडलरला पायाच्या अंगठ्यावरून परत पाठवलं. दोन वर्षांनी तो डॅलसचा सेंटर म्हणून अजिंक्यपद जिंकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये लेकर्सनी मार्क विल्यम्सचा ट्रेड दोन दिवसांत रद्द केला. डॉक्टर चुकतातही, पण त्या दिवशी त्यांचंच चालतं. म्हणून एजंटने शस्त्रक्रियेची मूळ नोंद, सर्व स्कॅनच्या फिल्म्स आणि फिजिओचे महिन्यावार आकडे एका फाइलमध्ये तयार ठेवावेत, आणि संघाच्या डॉक्टरला फोन करायची परवानगी शल्यविशारदाला आधीच देऊन ठेवावी. अहवालाची एक पानी प्रत दाखवली की समोरचा सर्वांत वाईट तेच गृहीत धरतो.

संघ पैसे द्यायला तयार असला तरी कलमांतून धोका तुमच्याकडे सरकवू शकतो. जोएल एम्बीड ऑक्टोबर २०१७ मध्ये पाच वर्षांच्या सुमारे १४ कोटी ८० लाखांच्या करारावर सही करत होता तेव्हा तीन हंगामांत मिळून फक्त ३१ सामने खेळला होता. त्या वेळी बाहेर आलेल्या तपशिलांनुसार फिलाडेल्फियाने पाऊल आणि पाठ ही दोन अंगं नावानिशी वगळली: या जागांच्या दुखापतीमुळे २५ किंवा जास्त सामने चुकले आणि १,६५० मिनिटांपेक्षा कमी खेळला, तर त्याला कमी पैशांत सोडण्याची सोय. इथे घासाघीस करायची ती दोन गोष्टींवर. वगळलेला भाग जितका नेमका तितका बरा. 'उजव्या पावलाचं नॅव्हिक्युलर हाड' चालेल, 'पाय' चालणार नाही. आणि ठरावीक मिनिटं खेळून दाखवली की कलम आपोआप गळून पडावं. जबारी पार्करला २०१८ मध्ये, डावा एसीएल दोनदा फाटल्यावर, शिकागोने दोन वर्षांचे ४ कोटी दिले, पण दुसरं वर्ष टीम ऑप्शनवर, म्हणजे संघाच्या मर्जीवर. बातमीत ४ कोटी छापून आले, हमी होती २ कोटींची. बातमीतला आकडा आणि हमीचा आकडा नेहमी वेगवेगळे विचारा.

विमा याच्या मागे उभा असतो. लीगच्या सामायिक विम्यात संघाचे सर्वांत महागडे करार बसतात. सलग ४१ सामने चुकले की त्यानंतरच्या प्रत्येक सामन्याच्या पगारातले ८० टक्के विमा कंपनी भरते. पण जुनी दुखापत कंपनी वगळू शकते. एकदा गुडघा वगळला गेला की पुढच्या वेळी त्याच गुडघ्याचा अख्खा भार मालकावर. एखादा संघ एमआरआय चांगला असूनही हात आखडता घेतो, त्यामागे अनेकदा हे असतं.

हंगाम बुडाल्यास संघाला लीगकडून डिसेबल्ड प्लेअर एक्सेप्शन (कॅप ओलांडून बदली खेळाडू घेण्याची मुभा) मिळतं: जखमी खेळाडूच्या पगाराच्या निम्मे किंवा मोठं मिड-लेव्हल, जे कमी असेल ते. ऑक्टोबर २०१७ मध्ये गॉर्डन हेवर्डचा पाय बॉस्टनकडून पहिल्याच सामन्यात मोडला तेव्हा संघाला ८४ लाखांची मुभा मिळाली. त्याने जखमी खेळाडूचा पगार कमी होतो, हा गैरसमज काढून टाका. डेमियन लिलार्डचंही तसंच: एप्रिल २०२५ मध्ये अकिलिस गेल्यावर मिलवॉकीने त्याला सोडलं, उरलेले सुमारे ११ कोटी ३० लाख पाच वर्षांवर पसरवले. पैसे पूर्ण मिळणारच होते, वर पोर्टलंडने तीन वर्षांचे ४ कोटी २० लाख दिले. काहींच्या बाबतीत दुखापत परवडते, असं कडवटपणे म्हणावंसं वाटतं.

हमीला भोक पडतं ते बहुतेक वेळा मैदानाबाहेर. प्रमाणित करारातच मोटरसायकल, मोपेड, पॅराशूटच्या उड्या, बर्फावरचं स्कीइंग असल्या गोष्टी निषिद्ध आहेत. माँटा एलिसने जुलै २००८ मध्ये सहा वर्षांच्या ६ कोटी ६० लाखांवर सही केली आणि पुढच्याच महिन्यात मोपेडवरून पडून घोट्याचे अस्थिबंध फाडले. आधी सांगितलं मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळताना झालं. घोट्यावरच्या खरचटण्याने ते टिकू दिलं नाही. ३० सामन्यांचा पगार कापला गेला, सुमारे ३० लाख. संघ अख्खा करार रद्द करू शकला असता.

आणि शेवटचा प्रकार: वैद्यकीयदृष्ट्या कारकीर्द संपली असा शिक्का. तो बसला की संघाच्या कॅपवरून पगार उतरतो, खेळाडूला पैसे मिळत राहतात. पण खेळाडू परत खेळायला लागला तर? पोर्टलंडच्या डॅरियस माइल्सच्या गुडघ्याबाबत हेच झालं. २००९ मध्ये मेम्फिसने त्याला घेतलं. तेव्हाच्या नियमाने दहा सामने पुरे होताच पोर्टलंडच्या खात्यावर १ कोटी ८० लाख परत आले. त्याआधी पोर्टलंडने इतर सर्व संघांना ईमेल पाठवून, मुद्दाम त्रास द्यायला कुणी याला घेतलं तर कोर्टात खेचू असा दम भरला होता. नंतर ती मर्यादा २५ सामन्यांवर नेली. असा शिक्का बसलेला खेळाडू परतण्याच्या विचारात असेल, तर त्याने आधी हे तपासावं की आपल्या येण्याने कोणाचं नुकसान आणि कोणाचा फायदा होतो. फायदा होणारा संघ कधीकधी फक्त त्यासाठीच बोलावतो.

व्यवहारात, करारवर्षात जखमी झालेल्या खेळाडूने पहिल्या पंधरवड्यात काय करावं? ऑप्शन असेल तर तो सोडायची शेवटची तारीख एजंटकडून लेखी घ्यावी. शल्यविशारद संघाचाच घ्यायचा की बाहेरचा, हे स्वतः ठरवावं. दुसरं मत घेण्याचा हक्क सामूहिक करारातच आहे. स्वतःच्या संघाची कॅप मोजून बघावी: आपल्याला सोडलं तर त्यांना खरंच काही जागा मिळते का? २०२४ पासून फायनल संपल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच्या संघाशी बोलता येतं, बाजार उघडायच्या आधी. कोंडीत असलेल्या संघाला तेव्हाच गाठावं. आणि टाच उचलण्याचा व्हिडिओ, धावण्याचे आकडे वगैरे काही तरी दाखवण्याजोगं असेल तरच सराव-प्रात्यक्षिक ठेवावं. सहाव्या महिन्यात अर्धवट तयारीने दिलेलं प्रात्यक्षिक वर्षभर आठवणीत राहतं.

घाई नसेल तर वेळही पैसा परत आणतो, पण फार हळू. शॉन लिव्हिंगस्टनचा गुडघा २६ फेब्रुवारी २००७ ला असा निखळला की डॉक्टरांनी पाय कापावा लागण्याची शक्यता बोलून दाखवली होती. नंतरची वर्षं छोट्या करारांची, संघामागून संघ. २०१४ मध्ये गोल्डन स्टेटने तीन वर्षांचे १ कोटी ६० लाख दिले. या सात वर्षांत त्याने उडी सोडून दिली आणि फ्री थ्रो रेषेच्या आसपासचा, पाठ टेकून वळून घ्यायचा शॉट पक्का केला.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक: रेल्वे, पोलीस किंवा सार्वजनिक कंपन्यांच्या संघांतून खेळणाऱ्या आपल्या बास्केटबॉलपटूंची मिळकत मुख्यतः नोकरीची असते, खेळाच्या कराराची नसते. गुडघा गेला तरी नोकरी राहते, बढतीची वाट अडते. त्यामुळे वरच्यातलं त्यांना थेट लागू पडतं ते दोनच: शस्त्रक्रियेचे कागद आणि फिल्म्स जपून ठेवणं, आणि टाच पूर्ण उंचीवर उचलता येईपर्यंत कोर्टवर न उतरणं. परदेशी लीगमध्ये जाणाऱ्याने सही करण्याआधी आणखी एक बघावं. एनबीएबाहेरच्या अनेक करारांत तपासणीत नापास झाल्यास किंवा ठरावीक आठवडे बाहेर राहिल्यास करार संपवण्याचं कलम असतं, आणि ते बहुधा मागच्या पानांत असतं.